जादा पानांचा अर्ज

आकाशवाणीवर पहिल्यांदा बोलायला गेलो तेव्हा निर्मात्या बाईंनी मला दोनच सूचना केल्या. कागद वाजू देऊ नका आणि वेळ ओलांडू नका. मी म्हटलं, "बाई, विषय मोठा आहे. पाच मिनिटं वाढवून मिळतील का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी सांगा, ती पाच मिनिटं कशासाठी हवीत?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मजकूर पुन्हा वाचला, तर सात मिनिटांचा मजकूर उगीचच आहे असं दिसलं. तो काढून टाकला.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो होतो. मागच्या ईदला माझा भाचा घरी आला आणि तो पुन्हा आठवला. भाचा पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. रात्रपाळी. अमेरिकेतल्या वकिलांची कागदपत्रं इथं तपासायची, असं त्याचं काम. समास किती इंच, अक्षर केवढं, शब्द किती, पानं किती, हे मोजत बसायचं. मी त्याला चेष्टेनं म्हणतो, "अरे, तुझे आजोबा कोर्टाच्या आवारात बसून पानं लिहायचे आणि तू पानं मोजतोस. घराण्याचा धंदा सोडला नाहीस."

त्या दिवशी तो म्हणाला, "मामू, काल एक गंमत तपासली. तिकडच्या कोर्टात एक वकील अर्ज करतोय, की मला दहा पानं जास्त लिहायची परवानगी द्या. आणि ती परवानगी मागायला त्यानं तीन पानं लिहिलीत!"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री झोप येईना. कारण पानांच्या मर्यादेवरून आमच्या घरात एक जुनी गोष्ट आहे. अब्बांनी ती मला एकदाच सांगितली होती. ती गोष्ट सांगण्याआधी मला तुम्हाला थोडं लांब, चारशे वर्षं मागं न्यायचं आहे. मी कायदा शिकलेलो नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्द किती वापरावेत आणि कुणी ठरवावेत, हा प्रश्न कवीचाही आहेच.

चला तर लंडनला. साल १५९६. एलिझाबेथ राणीचं राज्य. तिथं चान्सरी नावाचं न्यायालय होतं. मिलवर्ड नावाच्या गृहस्थाचा वेल्डन नावाच्या गृहस्थाशी वाद चालू होता. प्रतिवादीच्या म्हणण्याला वादीनं उत्तर द्यायचं असतं, तसं ते दिलं गेलं. उत्तर होतं १२० पानांचं. न्यायालयानं ते पाहिलं आणि म्हटलं, यात कामाचं जे आहे ते १६ पानांत सहज मावलं असतं. मग हे एवढं लिहिलं कुणी, याची चौकशी झाली. निघालं की वादीच्या मुलानं, रिचर्ड मिलवर्डनं, ते रचलं होतं.

आता शिक्षा ऐका. रिचर्डला फ्लीटच्या तुरुंगात टाका. मग शनिवारी तुरुंगाधिकाऱ्यानं त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आणावं. त्या १२० पानांच्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडावं. त्या भोकातून रिचर्डचं डोकं बाहेर काढावं. लिहिलेली बाजू बाहेर दिसेल असा तो गठ्ठा त्याच्या अंगावर लोंबत ठेवावा आणि बोडक्या डोक्यानं त्याला तिथल्या तिन्ही न्यायालयांपुढून फिरवावं. त्यानंतर पुन्हा तुरुंग. दहा पौंड दंड राणीला आणि वर प्रतिवादीच्या खर्चाची भरपाई. ती होईपर्यंत सुटका नाही.

आपल्याकडे गाढवावरून धिंड काढत, तशी ही पानांची धिंड. इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायाधीशांना ही गोष्ट फार आवडते. लांबलचक लिहिणाऱ्या वकिलाला अजूनही तिची आठवण करून दिली जाते.

पण रिचर्डला हसण्याआधी एक विचारू या. माणसं एवढं लिहीत का होती? नुसती हौस म्हणून? नाही. त्या काळच्या चान्सरीत कागदाच्या पानावर पैसे मिळत. कज्ज्यातल्या प्रत्येक कागदाची नक्कल न्यायालयाच्या कारकुनांकडूनच घ्यावी लागे आणि तिचा आकार पानागणिक असे. म्हणून पानात शब्द कमी, ओळींत अंतर जास्त, समास ऐसपैस. ज्या कारकुनांच्या हाती हा कारभार होता, त्या 'सिक्स क्लार्क्स'ची पदं १८४२ साली मोडीत निघाली. तोवर कित्येक घरं या पानांखाली दबून गेली होती. चार्ल्स डिकन्सनं 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी लिहिली ती १८५२-५३ साली. तिच्यात एक वारशाचा दावा पिढ्यान् पिढ्या चालतो आणि शेवटी सगळी इस्टेट खर्चातच संपते. डिकन्स तरुणपणी वकिलाच्या कचेरीत कारकून होता. त्यानं ती पानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

म्हणजे पानांची मर्यादा ही मुळात पक्षकाराच्या खिशाच्या रक्षणासाठी हवी होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अमेरिका. तिथं सुरुवातीला पानांपेक्षा बोलण्याचा जोर. सर्वोच्च न्यायालयात मोठमोठे वक्ते वकील दिवसचे दिवस बोलत. १८२४ सालचा गिबन्स विरुद्ध ऑग्डेन हा आगबोटींच्या मक्तेदारीचा खटला. त्यात पाच दिवस युक्तिवाद चालला. डॅनियल वेबस्टर बोलायला उभा राहणार म्हटलं की वॉशिंग्टनची बडी मंडळी ऐकायला जात. कीर्तनाला जावं तशी. पण खटले वाढले आणि न्यायाधीशांकडे वेळ उरेना. १८४९ साली प्रत्येक वकिलाला दोन तास असा नियम झाला. वेळ हळूहळू आणखी आक्रसत गेला आणि १९७० पासून प्रत्येक बाजूला अर्धा तास असं ठरलं.

तोंड बंद केलं की हात चालू लागतो. बोलायला वेळ मिळेना तशी वकिलांची लेखी टिपणं फुगत गेली. अशा लेखी टिपणाला तिकडे 'ब्रीफ' म्हणतात. ब्रीफ म्हणजे थोडक्यात! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ना, तसंच हे.

पण इथं मला एका लांब ब्रीफची बाजू घ्यायची आहे. साल १९०८. ऑरेगन राज्यानं कायदा केला होता, की धुलाईच्या कारखान्यांत बायकांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. एका धुलाईवाल्या मालकानं त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. राज्याच्या बाजूनं उभे राहिले लुई ब्रँडाइस. पुढे ते स्वतः त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी ११३ पानांचं ब्रीफ दाखल केलं. त्यात कायद्याचा काथ्याकूट जेमतेम दोन पानांचा. बाकी सगळी पानं कशानं भरली होती? डॉक्टरांची मतं, कारखाना निरीक्षकांचे अहवाल, देशोदेशीचे कायदे. सतत उभं राहून राबणाऱ्या बाईच्या शरीराचं काय होतं, याची साक्ष. त्यांच्या मेहुणीनं, जोसेफिन गोल्डमार्कनं, सहकाऱ्यांच्या मदतीनं ग्रंथालयं पालथी घालून ती गोळा केली होती. न्यायालयानं कायदा उचलून धरला. बाईचं शरीर दुबळं म्हणून तिला संरक्षण, या त्या निकालातल्या विचाराशी आज आपण भांडू. पण धुणं धुणाऱ्या बाईची कंबर किती दुखते हे त्या न्यायालयात पहिल्यांदा पोचलं ते त्या जादा पानांमुळे.

तेव्हा पानं जास्त झाली की ती वाईटच, असं म्हणता येत नाही.

१९६८ साली अमेरिकेतल्या संघराज्याच्या अपील न्यायालयांसाठी एकसारखे नियम आले. मुख्य ब्रीफला ५० पानांची मर्यादा पडली. मग काय झालं असेल? तुम्ही शाळेत पेपर लिहिलेले आहात, तुम्हाला माहीत आहे. पुरवणी मिळत नसेल तर आपण अक्षर बारीक करतो, समासात घुसतो. वकिलांनी तेच केलं. संगणक आल्यावर तर सोयच झाली. अक्षर थोडं लहान, ओळी थोड्या जवळ, निम्मा युक्तिवाद तळटिपांत. पानं पन्नासच, पण मजकूर साठ पानांचा. म्हणून १९९८ साली नियमच बदलला. पानांऐवजी शब्द मोजू लागले. मुख्य ब्रीफला १४,००० शब्द किंवा मग सरळ ३० पानं. शब्द मोजले असतील तर तसा दाखलाही वकिलानं द्यायचा. २०१६ च्या डिसेंबरपासून ते १४,००० चे १३,००० झाले. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली पानं सोडून शब्द धरले, तेव्हा १५,००० ठरवले होते. २०१९ मध्ये तेही १३,००० वर आले.

पण संसारात काय किंवा कोर्टात काय, प्रत्येक नियमाला एक खिडकी ठेवावी लागते. ही खिडकी म्हणजेच माझ्या भाच्यानं तपासलेला तो अर्ज. जादा पानांची परवानगी मागणारा.

त्या अर्जाची रीत मी भाच्याकडून समजून घेतली. दिवाणी दाव्यात खालच्या न्यायालयात टिपणाला वीस-पंचवीस पानांची मर्यादा असते. ती कमी पडत असेल तर मुदतीच्या आत अर्ज करायचा. किती पानं जास्त हवीत ते आकड्यानं सांगायचं. नुसतं 'विषय मोठा आहे' म्हणून भागत नाही. कारण द्यावं लागतं. प्रतिवादी सहा आहेत आणि सहाही जणांच्या म्हणण्याला एकाच कागदात उत्तर द्यायचं आहे, हे कारण. साक्षीपुरावा हजारो पानांचा आहे, हे कारण. प्रश्न नवा आहे, आधीचा निकाल नाही, हे कारण. समोरच्या वकिलाला विचारलं का, त्याची हरकत आहे का, हेही पुष्कळ ठिकाणी लिहावं लागतं. आणि बऱ्याच न्यायालयांत ते लांबलेलं टिपण अर्जाला जोडून द्यायचं, म्हणजे न्यायाधीशाला चाळून बघता येतं, की जादा पानांत जीव आहे की नुसता भुसा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा नियम तर फारच स्पष्टवक्ता आहे. सबळ कारण असेल तर परवानगी मिळू शकेल, असं तो म्हणतो आणि त्याच वाक्यात पुढे सांगतो, की असा अर्ज आम्हाला आवडत नाही. तो दाखल करायच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी पोचायला हवा. फिलाडेल्फियाच्या संघराज्य अपील न्यायालयानं २०१२ साली एक आदेशच काढला. सुमारे चौथ्या हिश्शाच्या अपिलांत असे अर्ज येतात, यापुढे अगदी असाधारण कारणाशिवाय असले अर्ज मान्य होणार नाहीत, अशी तंबी त्यात होती.

तंबी का द्यावी लागते, त्याचं एक उदाहरण सांगतो. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात ब्रिटिश पेट्रोलियमच्या तेलविहिरीवर स्फोट झाला. अकरा कामगार गेले. समुद्रात महिनोन् महिने तेल वाहत राहिलं. कोळी, हॉटेलवाले, किनाऱ्यावरची गावं, हजारोंनी नुकसानभरपाईचे दावे लावले. न्यू ऑर्लिन्सला न्यायाधीश कार्ल बार्बियर यांच्यापुढे ते चालले. २०१४ साली कंपनीच्या वकिलांनी एक टिपण दाखल केलं. त्यासाठी नेहमीची पानांची मर्यादा आधीच वाढवून ३५ केलेली होती. टिपण बरोबर ३५ पानांत बसलं. न्यायाधीशांना शंका आली. बघतात तर ओळींमधलं अंतर गुपचूप कमी केलेलं. खरं टिपण साधारण सहा पानांनी जास्त. न्यायाधीशांनी लेखी आदेशातच सुनावलं, की असली युक्ती कॉलेजच्या निबंधालाही शोभली नसती. आणि एवढ्या साध्या नियमांवर पहारा करण्यात न्यायालयाचा वेळ जाऊ नये.

मला त्या आदेशाचं मर्म असं वाटतं. जगातली एक बलाढ्य कंपनी, तिचे नामांकित वकील. त्यांना खिडकी उघडून दिली होती. त्यांनी भिंतच पोखरली. समोर उभ्या असलेल्या हजारो दावेदारांपैकी कुणा कोळ्याला ओळींमधलं अंतर कमी करायची अक्कल कुठून येणार?

लंडनची अलीकडची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बीसीसीआय ही बँक १९९१ साली बुडाली. ठेवीदारांच्या वतीनं बँक ऑफ इंग्लंडवर दावा झाला. सुनावणी २००४ च्या जानेवारीत सुरू झाली. दावेदारांच्या वकिलांचं नुसतं प्रास्ताविक सुमारे ८० दिवस चाललं. त्याला उत्तर देणाऱ्या वकिलांचं प्रास्ताविक ११९ दिवस! आणि २००५ च्या नोव्हेंबरमध्ये दावाच मागे घेतला गेला. त्यानंतर तिथल्या व्यापारी न्यायालयानं लांब खटल्यांचा विचार करायला जाणकारांचा गट नेमला आणि दावा-कैफियतींना २५ पानांची मर्यादा आली. त्याहून जास्त हवं असेल तर परवानगी मागा.

आता आपल्या अंगणात येऊ. आपला दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा १९०८ चा. त्यात सहाव्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो, की वादपत्रात आणि कैफियतीत महत्त्वाच्या घटना तेवढ्या थोडक्यात मांडा, पुरावा मांडू नका. सोळाव्या नियमानं अनावश्यक किंवा बदनामीकारक मजकूर खोडून टाकता येतो. पण किती पानं, याचा आकडा त्या संहितेत नाही. 'थोडक्यात' म्हणजे किती, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. वरच्या न्यायालयांतही हा प्रश्न आहेच. २०२१ च्या जुलैमध्ये एका निकालाला सर्वोच्च न्यायालयानं ताजा कलम जोडला. त्या एका प्रकरणाच्या सुनावणीला २६ तास लागले होते. बोलण्याला वेळेची मर्यादा हवी, लिहिणं-बोलणं नेमकं हवं, असं न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्यात लिहिलं.

पण याच देशात केशवानंद भारती खटल्याचा युक्तिवाद ६८ दिवस चालला होता. तेरा न्यायमूर्तींपुढे. आपल्या मुंबईचे नानी पालखीवाला त्यात बोलत होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला आणि राज्यघटनेच्या मूळ चौकटीला संसदेलाही हात लावता येणार नाही, हे तत्त्व त्यातून मिळालं. ते ६८ दिवस फुकट गेले, असं कोण म्हणेल?

आता ती घरची गोष्ट.

माझे अब्बा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसत. अर्जनवीस. पुढ्यात उतरतं मेज, शाईची दौत, लेजर कागदाची चळत, अंगठ्यासाठी शाईचा पॅड. लोक त्यांना मुन्शीजी म्हणत. पानाला एक रुपया घेत. चान्सरीच्या कारकुनांसारखं पानं वाढवणं त्यांनाही जमलं असतं, पण अब्बांचं अक्षर बारीक होतं आणि समास अगदी अरुंद. अम्मी म्हणायची, "तुम्ही मोठं अक्षर काढलं असतं तर आपलं घर दुमजली झालं असतं."

शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. अर्ज, फिर्याद, दावा, कैफियत, तारीख, मुदत, वकील. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन इथलेच झालेले. पुढे शायरी वाचू लागलो तेव्हा ते पुन्हा भेटले. कोर्टात कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं आणि शायरीत कैफियत म्हणजे मनाची अवस्था. मुशायऱ्यात शायर अर्ज करतो आणि कोर्टात शेतकरी अर्ज करतो. दोघांनाही वाटतं, समोरच्यानं पुरतं ऐकून घ्यावं.

एकदा एक आजी आली. विधवा. दिरांनी शेताची वाट अडवली होती. वकील लावायला पैसे नव्हते. अब्बांनी तिला म्हटलं, "बोला आक्का." ती लग्नापासून बोलू लागली. सासऱ्यांनी काय सांगितलं होतं, नवरा कधी गेला, बांध कुणी रेटला, विहिरीवरची तिची पाळी कुणी बंद केली. अब्बांनी अकरा पानं लिहिली. आजी ती घेऊन खिडकीवर गेली आणि परत आली. तिथल्या कारकुनानं कागद हातातसुद्धा घेतले नव्हते. एवढं कोण वाचणार, दोन पानांत आणा, असं म्हणाला होता.

कुठलाही नियम नव्हता. नुसत्या कपाळावरच्या आठ्या होत्या. पण त्या आठ्यांवर अपील करायची सोय नव्हती.

अब्बांनी त्या अकरा पानांची दोन पानं केली. लग्न गेलं, सासरे गेले, नवऱ्याचं आजारपण गेलं. वाट राहिली, बांध राहिला. आणि त्या काटछाटीत विहिरीची पाळी निसटली. रात्री कंदिलाच्या उजेडात नक्कल उतरताना ती ओळ राहून गेली. अब्बांच्या लक्षात आलं नाही आणि आजीला वाचता येत नव्हतं.

दाव्याचा निकाल आजीच्या बाजूनं लागला. वाट मोकळी झाली. पण विहिरीचं तिनं तोंडी सांगितलं तेव्हा समोरचे वकील म्हणाले, दाव्यात विहिरीचा उल्लेखच नाही. न्यायाधीशांनी कागद पाहिले. खरंच नव्हता. जे मागितलंच नाही ते कोर्ट कसं देणार? कायद्यानं ते बरोबरच होतं. दावा दुरुस्त करता आला असता, पण त्यासाठी आणखी तारखा, आणखी खर्च. आजीच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. तिला वाट मिळाली, पण वाटेच्या टोकाला जे रान होतं ते कोरडंच राहिलं. दोन वर्षांनी तिनं ते दिरांनाच विकलं.

अब्बांनी हे मला सांगितलं तेव्हा ते थकले होते, खाटेवर असत. म्हणाले, "बेटा, त्या बाईनं मला पैसे अकरा पानांचे दिले होते. नऊ रुपये मी परत करायला गेलो. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, तुम्ही लिहिलं होतं, मुन्शीभाऊ. त्यांनी वाचलं नाही."

म्हणून मला त्या अमेरिकन अर्जाचं आता हसू येत नाही. मर्यादा हवीच. रिचर्ड मिलवर्डची १२० पानं कुणीतरी वाचायची असतात. ती वाचण्यात जो दिवस जातो तो दुसऱ्या कुणाच्या तारखेचा असतो. पण मर्यादा असेल तर ती कागदावर हवी, सगळ्यांना सारखी हवी, आणि तिच्यात विचारायची एक जागा हवी. मला आणखी दोन पानं लागतील, कारण विहीर राहिली आहे, असं जिथं लिहून देता येतं, तिथं उत्तर नकाराचं आलं तरी तेही लेखी येतं. कुणीतरी कारण वाचलेलं असतं. आमच्या आजीला एवढंच मिळालं नाही.

आणि पानं थोडी असली तरी ऐकणारा कान असला तर काय होतं, तेही सांगतो. प्रकरण फौजदारी आहे, पण इथं सांगण्याजोगं आहे. १९६२ च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाला अर्ज पाठवला. तुरुंगाच्या कागदावर, पेन्सिलीनं, पाच पानं. त्यात सांगणं एकच, की मला वकील दिला नाही. न्यायालयानं तो वाचला. १९६३ च्या मार्चमध्ये निकाल दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ज्याला वकील परवडत नाही त्याला राज्यानं वकील द्यायलाच हवा. मग गिडियनवर पुन्हा खटला चालला, या वेळी वकिलासह, आणि तो निर्दोष सुटला.

अब्बा गेल्यावर त्यांच्या मेजाच्या खणात जुन्या अर्जांच्या नकला सापडल्या. त्या आजीच्या नंतरच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे. सगळीकडे तीच, त्याच बारीक अक्षरात. 'अर्जदारास आणखी सांगावयाचे आहे. मेहेरबान कोर्टाने विचारल्यास अर्जदार सांगेल.'

ती ओळ वाचून कुणी कधी विचारलं का, हे मी अब्बांच्या शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मुद्रांकविक्रेत्याला विचारलं. ते म्हणाले, एकदा एका तरुण न्यायाधीशांनी ती मोठ्यानं वाचली होती. मग अर्जदाराकडे बघून म्हणाले होते, "सांगा. काय राहिलंय?"

निर्मात्या बाई काचेपलीकडून बोट दाखवताहेत. माझी वेळ संपली. नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)